पाण्याची ओळ

मागच्या वर्षी नगरच्या सावेडी भागात आम्हा ज्येष्ठांचा एक छोटा कार्यक्रम झाला. माझी ओळख करून देताना निवेदक म्हणाले, "आपल्या जिल्ह्यात फिरायला येणाऱ्यांसाठी पहिली वेबसाइट यांनी नव्वदच्या दशकात घरी बसून एकट्यानं तयार केली." टाळ्या झाल्या, शाल मिळाली, मी हात जोडून खाली बसलो. ती पहिली होती की नाही, मला ठाऊक नाही. तसं कुणी तपासून पाहिलेलं नाही. पण 'एकट्यानं' हे खोटं होतं. आणि ते माझ्याच तोंडून कधीतरी निघालेलं असणार, निवेदकांना दुसरं कोण सांगणार? त्या साइटबद्दलची आणखी एक गोष्ट मी कधीच कुणाला सांगितली नव्हती. ती या 'एकट्यानं'पेक्षा वाईट आहे. दोन्ही इथे लिहून ठेवतो.

मी नगरच्या एका सरकारी कचेरीत आरेखक होतो. माझ्या टेबलासमोर बसणारा वरिष्ठ लिपिक माझा मित्र. तो राहाता तालुक्यातल्या एका गावचा. त्याच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला होता. त्याचे वडील दुसऱ्यांच्या उसात राबले, आणि तो शिकून नोकरीला लागला. आमचं वय सारखंच होतं, म्हणून अरे-तुरे. त्याच्याकडे एक जुना, चांगला कॅमेरा होता आणि माझ्याकडे स्कूटर. नगरला येण्याआधी मी बरीच वर्षं दुसऱ्या जिल्ह्यांत काढली होती. त्यामुळे अर्धी नोकरी झाली तरी मी आपला जिल्हा नीट पाहिलेला नव्हता. तो म्हणायचा, "नकाशे काढतोस रे तू, पण त्यातल्या एका तरी ठिकाणी जाऊन चहा प्यायलास का?" तिथून आमचे रविवार सुरू झाले.

अठ्ठ्याण्णव साली मुलीच्या शिक्षणासाठी घरात कॉम्प्युटर आला. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आला. तेव्हा एक परदेशी कंपनी इंटरनेटवर थोडी जागा फुकट द्यायची. तिथे कुणीही आपली पानं मांडावीत. दुसऱ्यांची पानं उघडून त्यांच्या पोटातली इंग्रजी आज्ञावली बघत बघत मी ती कला शिकलो. मला त्यात कधी कंटाळा आला नाही. आयुष्यभर धरणांच्या भिंती आणि कालव्यांचे छेद काढले होते, तेही दुसऱ्यांनी ठरवलेल्या मापांत. इथे माप माझं होतं. प्रत्येक पान मी आधी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं आखायचो: डावीकडे फोटो, उजवीकडे मजकूर, खाली नगरहून कसं जायचं त्याचा साधा नकाशा. नकाशात एसटीचा थांबा म्हणजे काळा ठिपका, चहाची टपरी म्हणजे रिकामं वर्तुळ. मग तेच चौकोन पडद्यावर आणायचे. पहिल्यांदा मी हिरव्या रंगावर पिवळी अक्षरं ठेवली होती. मित्रानं पाहिलं आणि म्हणाला, "हे काय, हळदीकुंकवाचं आमंत्रण का?" दुसऱ्या दिवशी पांढऱ्यावर काळी केली.

मजकूर बहुतेक त्याचा असायचा. मी लिहिलं की 'निसर्गरम्य' आणि 'विलोभनीय' यांच्यापलीकडे गाडी जायची नाही. तो कचेरीतल्या कागदाच्या पाठीवर, जेवणाच्या सुट्टीत लिहायचा: रेहेकुरीला काळवीट पाहायचे तर सकाळी लवकर जा, नंतर ते सावलीला जातात आणि तुम्ही उन्हात राहता. भंडारदऱ्याला धुकं असलं तर धरण दिसणार नाही, पण धुकं दिसेल. असं साधं. मी ते टाइप करायचो. साइटच्या तळाला मात्र फक्त माझं नाव होतं, कारण खातं माझ्या नावावर होतं. मी त्याला एकदा विचारलं होतं, "तुझं नाव घालू का?" तो म्हणाला, "राहू दे, कचेरीत विचारतील की कामाच्या वेळेत काय लिहितो." मी पुन्हा विचारलं नाही. मला ते सोयीचं होतं.

प्रत्येक पानाची पहिली ओळ पाण्याची असायची, आणि ती कल्पना त्याची होती.

आम्ही पाथर्डीकडे गेलो होतो. मार्च संपत आलेला. करंजीचा घाट चढून पुढे गेलो तोवर बाटलीतलं पाणी संपलं होतं. एका वस्तीवर थांबलो तर तो म्हणाला, "तू जा पाणी मागायला, मी स्कूटर बघतो." मी गेलो. बाईंनी कळशीतलं पाणी दिलं. पुढच्या गावात पुन्हा तसंच, "तू जा, मी स्कूटर बघतो." तिसऱ्या ठिकाणी मी हसून म्हणालो, "अरे, इथे माणूस दिसत नाही, स्कूटर कोण नेणार आहे?"

त्यानं स्कूटरच्या सीटवरची धूळ पुसली. मग म्हणाला, "सवय आहे रे. लहानपणी कुणाच्या दारापासून किती लांब उभं राहायचं ते ठरलेलं असायचं. आता कुणी हाकलत नाही. पण पाय आपोआप तिथंच थांबतात."

त्यानंच विषय पुढे नेला. "असं कर, प्रत्येक पानावर पाणी सगळ्यात आधी घाल. देऊळ, किल्ला नंतर. अनोळखी माणसाला गावात शिरल्यावर पहिल्यांदा पाणीच विचारावं लागतं, आणि तेच विचारायला जड जातं. कुठं मागायचं ते आधीच लिहिलेलं असलं की बरं."

तसं आम्ही केलं. 'पाणी' हा शब्द निळ्या अक्षरात आणि त्यापुढे एक ओळ: एसटी स्टँडवर नळ आहे. शाळेत आहे, पण रविवारी कुलूप असतं. घाटाच्या पायथ्याच्या हॉटेलात चहा न घेताही देतात. साइट पाहणारे पुण्या-मुंबईचे थोडे लोक ई-मेल करायचे, त्यांना सगळ्यात जास्त हीच ओळ आवडलेली असायची. मी उत्तरात 'धन्यवाद' लिहायचो. कल्पना मित्राची, हे लिहीत नव्हतो.

नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात आम्ही त्याच्या गावाचं पान करायला घेतलं. गावात एक जुनी दगडी बारव आहे, पायऱ्या उतरत खाली पाण्यापर्यंत जाणारी, कोनाड्यांत मूर्ती असलेली. त्यानं तिचे सुंदर फोटो काढले होते. फोटो काढताना म्हणाला, "माझ्या आजोबांनी ही बारव जन्मभर वरूनच पाहिली. मी खाली उतरलोय, तेव्हा फोटो हलायला नको." आणि हसला.

मग तो मला आईकडे घेऊन गेला. गावाच्या अलीकडे, डांबरी रस्त्याला लागून त्यांची वस्ती. तिथे एक छोटा विहार आणि विहारासमोर कडुनिंबाखाली निम्मा जमिनीत पुरलेला मातीचा रांजण, वरून ओलं पोतं गुंडाळलेलं. त्याची आई रोज सकाळी हातपंपावरून पाणी आणून तो भरायची. शेतावर जाणारे, एसटी चुकलेले, कारखान्याच्या ट्रॅक्टरवाले असे कुणीही येऊन प्यायचे. कोण म्हणून विचारायचं नाही, असा तिचा नेम होता. आम्हाला पाणी देऊन तिनं विचारलं, "त्या मशीनमदी माजा रांजन बी येनार व्हय?"

"येणार की," मी म्हणालो.

"मंग पोतं बदलते. फाटकं दिसंल."

तिनं खरोखर नवं पोतं गुंडाळलं. मित्रानं फोटो काढला आणि ओळ लिहून दिली: 'पाणी: गावात शिरण्याआधी बौद्ध विहारासमोर रांजण आहे. माझी आई रोज भरते. कुणीही प्यावं.' सबंध साइटवर 'माझी' हा शब्द त्यानं तिथेच लिहिला होता. मी पान तयार केलं, त्याला घरी बोलावून पडद्यावर दाखवलं. तो खुर्चीत पुढे सरकून बराच वेळ ती ओळ वाचत राहिला. इंटरनेटला जोडणं तेव्हा खर्चाचं होतं, म्हणून पान नंतर सवडीनं चढवू असं ठरलं. त्यानं गावी जाऊन आईला सांगितलं, "आलं तुझं नाव... नाव नाही, पण तू आलीस."

ते पान चढवायच्या आधी माझे मामेसासरे दवाखान्यासाठी नगरला आले आणि आमच्याकडे उतरले. ते त्याच गावचे. बागायतदार, मोकळ्या मनाचे, येताना पेरूंची पिशवी घेऊन आलेले. त्यांना खूश करायला मी ते पान दाखवलं.

"आरं तिच्या! आपली बारव!" ते पडद्याला नाक लावून बघत होते. मी त्यांना मजकूर वाचून दाखवला. पाण्याची ओळ आली तशी त्यांनी पेरू चावणं थांबवलं. "पान्याचं म्हनाल तर मारुतीच्या पारापाशी नळ हाय की, जावई. तो लिवा ना."

"हा रांजण आधी लागतो, मामा. रस्त्यावरच आहे."

"ते व्हय. मानसं चांगली हायेत ती. आमच्या मनात काय बी न्हाई. पर गावात भाईरचं पावनं येनार, ते पयलं तिकडंच? लोकं म्हनतील, गावात काय पानी न्हाई का." आणि पुन्हा पेरू खाऊ लागले. "बघा बाबा, तुमी शिकलेले. मी आपलं सांगितलं."

एवढंच. त्यांनी धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही, दुसऱ्या दिवशी औषधं घेऊन गावी गेले आणि ते सगळं विसरूनही गेले असतील. मी मात्र विसरलो नाही. हे सगळं मी त्यांच्यावर ढकलू शकलो असतो, मनातल्या मनात बरीच वर्षं ढकललंही. पण कळफलकावर बोटं माझी होती. मी ती ओळ काढली, रांजणाचा फोटो उडवला आणि लिहिलं: 'पाणी: मारुती मंदिराच्या पाराजवळ नळ आहे.' मग पान चढवलं. मित्राला म्हणालो, "चढलं." ते खरं होतं.

एप्रिलमध्ये पुण्याचं एक जोडपं बारव पाहायला गेलं. आमचं पान कागदावर छापून घेतलेलं त्यांच्या हातात होतं. माझ्या ओळीप्रमाणे ते पारापाशी गेले. त्या नळाला फक्त सकाळी पाणी येतं, हे मला माहीत नव्हतं. तो नळ मी कधी उघडून पाहिलाच नव्हता. सबंध साइटवर न तपासता लिहिलेली तेवढीच एक ओळ. ऊन भरात होतं. दोघं परत रस्त्याकडे आले आणि कडुनिंबाच्या सावलीत थांबले. मित्राच्या आईनं त्यांना पाणी दिलं, बाईंना डोक्यावर मारायला वेगळं दिलं. मग त्यांच्या हातातला कागद पाहून विचारलं, "हे माज्या लेकाचं मशीन हाय ना? माजा रांजन कुटं लिवलाय, दावा बरं."

त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या. म्हणाले, "आजी, यात नाही."

"नीट बगा. पोतं गुंडाळल्यालं."

हे मला मित्रानं कचेरीबाहेरच्या टपरीवर सांगितलं. तो रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता. "तू मला दाखवलं होतंस ना रे? मग गेलं कुठं?"

त्या क्षणी मी खरं सांगितलं असतं तर तो चिडला असता आणि कदाचित आठवडाभर बोलला नसता. मी म्हणालो, "जागा संपली. कंपनी मोजकीच जागा देते. शेवटी जे चढवलं त्यातलं थोडं कापलं गेलं."

"आपोआप?"

"आपोआप."

तो चहा ढवळत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "मग माझे काही फोटो काढून टाक की. भंडारदऱ्याचे आहेत, काळविटाचा आहे. फोटोला जास्त जागा लागते म्हणाला होतास ना तू? ते काढ, तिथं आईचं बसव."

एका ओळीला किती जागा लागते, हे मला ठाऊक होतं. काहीच नाही. साइटवर अजून कितीतरी जागा शिल्लक होती. तरी मी मान डोलावली. त्या रविवारी त्याचे तीन फोटो साइटवरून काढले, त्यात धुक्यातल्या भंडारदऱ्याचाही. त्याच्यासारखा फोटो मी पुढे कधी पाहिला नाही. आणि ओळ लिहिली: 'पाणी: गावाबाहेर रस्त्यालगत झाडाखाली रांजण आहे. पाराजवळ नळही आहे, पण फक्त सकाळी.' छापून त्याला दिली.

त्यानं वाचली. "विहार? आणि आई?"

"तेवढीच जागा झाली."

"तीन फोटोंत अर्धी ओळ?" तो म्हणाला. "महागाई वाढली लेका." आणि आम्ही दोघं हसलो. मी जास्त मोठ्यानं हसलो.

त्यानंतर त्याचे रविवार कमी होत गेले. कधी आईचा गुडघा, कधी मुलीचा क्लास. पुढे त्यानं राहात्याकडे बदली मागून घेतली. मी समजलो, की त्याला सगळं कळलेलं आहे आणि भल्या माणसाप्रमाणे तो न बोलता दूर झाला आहे. ही समजूत मला जपून ठेवावीशी वाटली. त्याला माहीत असेल तर मी सांगायची गरज उरत नव्हती. त्याची आई गेली तेव्हा मी कार्ड पाठवलं, गेलो नाही. ती परदेशी कंपनी बंद पडली आणि सगळी पानं गेली. दुरुस्त करायला काही उरलं नाही, असंही मी स्वतःला सांगितलं.

शाल घेऊन घरी आल्यावर मात्र ते 'एकट्यानं' सहन होईना. महिनाभरानं मी राहात्याला गेलो. तो आता निवृत्त आहे, मुलगा-सुनेजवळ राहतो. मला पाहून त्याला मनापासून आनंद झाला, आणि त्या आनंदानंच माझी पंचाईत केली. त्यानं आधी माझी शुगर विचारली, मग गुडघे, मग स्कूटरचं काय झालं ते. सुनेनं पोहे आणले. ते तसेच ठेवून मी सगळं सांगितलं: मामेसासरे, 'तिकडं', नळ, जागा संपल्याची थाप. शेवटी म्हणालो, "तुला तेव्हाच कळलं होतं, हे मला माहीत आहे. पण माझ्या तोंडून सांगायचं राहिलं होतं."

त्यानं चष्मा काढून हातात धरला.

"नाही," तो म्हणाला. "मला नव्हतं कळलं."

"मग तू रविवारी येणं..."

"आईचा गुडघा होता. सांगितलं होतं ना." त्यानं चष्म्याची काच सदऱ्याला पुसली. "मी तिला म्हणालो होतो, मशीन भरलं. ती म्हणाली, 'एवढुसा तर रांजन, त्यो बी न्हाई मावला व्हय?' आणि हसली होती. मी पण हसलो होतो."

बाहेर सून नातवाला अभ्यासाला बस म्हणून दटावत होती. चष्मा पुन्हा लावत त्यानं विचारलं, "मग ते माझे फोटो कशाला काढून टाकलेस? जागा होती ना?"

"नसते काढले तर तुला संशय आला असता."

मी पोहे खाल्ले, कारण न खाणंही बरं दिसलं नसतं. उठताना मी सांगितलं, की हे सगळं लिहून काढणार आहे, साइट कुणी केली तेही, पाण्याची कल्पना कुणाची तेही.

"लिही," तो म्हणाला. "नावं घालू नको. गावाचं नको, माझं नको, तुझ्या मामाचं तर नकोच. लोक उगाच गाव शोधत बसतील." मी चपला घालत होतो. तो दारातच उभा होता, नेहमीसारखा रस्त्यापर्यंत आला नाही. "आणि एक. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी मोठ्या मनानं गप्प बसलो, असलं काही लिहू नको. वाचायला बरं वाटेल ते. पण तसं नव्हतं. मी तुझं खरं मानलं होतं. तेवढं नीट लिही."

त्याला माहीत नव्हतं. त्यानं माझं खरं मानलं होतं.